कंदीलवाल्याचा पहिला भाग

पूर्ण तिकीट काढायचं आणि अर्धाच सिनेमा बघायचा, असली माणसं जगात फार नसतील. थापाडी आणि तिचा दादा त्यांतली. रविवारी दुपारी दोघं थिएटरवर जायची, खिडकीवर रीतसर तिकिटं काढायची, आणि डोअरकीपर "चला, चला, सुरू होतंय" म्हणून ओरडत असताना खुशाल व्हरांड्यातल्या बाकावर चहाचे कप घेऊन बसायची. आत सिनेमा सुरू व्हायचा. बंद दारातून वाद्यं ऐकू यायची, कुणीतरी किंचाळायचं, घोडे दौडायचे, आणि ही दोघं बाहेर कान टवकारून.

"बाप मेला वाटतं," दादा म्हणायचा.

"बाप कसला, घोडा मेला," थापाडी म्हणायची. "बापासाठी एवढं कोण रडतं?"

मध्यंतराला दार उघडलं की दोघं आत जायची. डोअरकीपरने सुरुवातीला नीट समजावून सांगितलं, मग रागावून बघितलं, आणि शेवटी हात टेकले.

दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनी मोठ्या हौसेने पहिल्यांदा यांच्याबरोबर आली. बाकावर चहा हातात दिल्यावर तिने कपाळाला हात लावला. "काय माणसं आहात की कोण! मी नाही बाई बाहेर बसायची," असं म्हणून ती तडक आत गेली. मध्यंतराला बाहेर आली ती डोळे पुसतच. सांगायला तोंड उघडलं, तर बहीणभावांनी एकदम कानांवर हात ठेवले. "सांगू नकोस! खबरदार एक शब्द बोललीस तर!" बिचारी गप्प झाली. पुढे तिला सवयच लागली. पहिला भाग वहिनीने बघायचा, मध्यंतराला तोंडात गरम चहाचा घोट धरल्यासारखे ओठ मिटून बाहेर यायचं, आणि घरी गेल्यावरसुद्धा ब्र काढायचा नाही, हा घरातला कायदाच झाला म्हणा ना. हा कायदा जरा ध्यानात ठेवा. पुढे त्यानेच घात केला.

आता हे खूळ आलं कुठून? आत्याकडून.

आत्या थिएटरात डोअरकीपर होती. वडील लवकर गेले होते, आई शर्टांच्या कारखान्यात दिवसभर कॉलर शिवायची, तेव्हा शाळा सुटली की पोरांनी आत्याकडे जायचं असं ठरलेलं होतं. मॅनेजर मोठा खडूस. खेळ सुरू होताना दाराशी उभा राहून डोकी न्याहाळायचा. मध्यंतर झालं की मात्र तो वर जाऊन पाय ताणून द्यायचा, आणि मग आत्या पोरांना हळूच आत सोडायची. तोवर दिवे गेलेले असायचे. आत मिट्ट काळोख.

आत्या तिच्या हातातली बॅटरी द्यायची ती थापाडीकडे, धाकटीकडे. थोरल्याकडे नाही. कारण थोरला अंधाराला घाबरायचा. वर्गातल्या दांडगट पोरांना एका हाताने लोळवणारा हा गडी, पण दिवे गेले की त्याच्या तळहाताला घाम फुटायचा आणि पाय जागचा हलायचा नाही. थापाडी पुढे व्हायची, बॅटरीचा उजेड जमिनीवर धरायची, आणि मागून दादा तिचं मनगट घट्ट पकडून यायचा. बघणाऱ्याला वाटायचं, काय गुणी भाऊ आहे, इवल्याशा बहिणीला धरून नेतोय. दादा तसं वाटू द्यायचा आणि थापाडीही वाटू द्यायची. हे आत्याला ठाऊक होतं आणि थापाडीला. तिसऱ्या कुणालाही नाही.

घरी जाताना रस्ताभर पहिला भाग रचायचा. तो खलनायक का लंगडतो? त्या मुलीला आई का नाही? दादा सरळ काहीतरी सांगायचा: लढाईत गोळी लागली, आई तापाने गेली. थापाडीचं भलतंच. "त्याला आधी शेपूट होतं. ते कापलं म्हणून तोल जातो."

"थापाडी कुठली!" दादा हसून हसून रस्त्यातच बसायचा. तेच नाव चिकटलं. शाळेतलं नाव शाळेतच राहिलं, आणि आता पुस्तकांवर जे छापतात ते तिचं तिलाच कुणा पाहुण्याचं वाटतं.

आत्या निवृत्त झाली तेव्हा तिने हौसेने दोघांची तिकिटं काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सुरुवातीपासून सिनेमा दाखवला. बाहेर आल्यावर दोघांची तोंडं उतरलेली. "एवढंच?" दादा म्हणाला. यांनी मनात इतके झकास पहिले भाग रचलेले, की खरा पहिला भाग अगदीच मिळमिळीत वाटला. त्या दिवशी दोघांनी कानाला खडा लावला.

थापाडीला नोकरी लागली तीही तिच्या जातकुळीचीच. बसडेपोत हरवलेल्या वस्तूंची खिडकी असते ना, तिथे. मागे लांबलचक खोली, लोखंडी मांडण्या, आणि त्यांवर लोकांनी बसमध्ये विसरलेलं काय काय. छत्र्यांचा तर डोंगर. एकेकटे हातमोजे, दातांची कवळी, बाळाचा एक बूट, आणि एकदा तर चक्क एक कुबडी. कुबडी विसरून माणूस उतरला कसा? ती महिनाभर त्या कुबडीकडे बघत होती, आणि त्यातून तिचा पहिला राक्षस जन्माला आला: दुसऱ्यांचे पाय उसने घेऊन चालणारा.

पुस्तकंही पुष्कळ यायची. वाचता वाचता डुलकी लागलेली माणसं उतरायच्या घाईत ती सीटवरच टाकून जातात. बहुतेकांत मध्येच कुठेतरी खूण घातलेली असायची, जुनं तिकीट नाहीतर केसांची पिन. थापाडी खुणेपासून पुढे वाचायची. जिथे त्या माणसाने सोडलं, तिथून हिने धरायचं. मालक आलाच पुस्तक न्यायला, तर तिच्या जिभेवर येऊन राहायचं, "अहो, पुढे ती बाई त्याला विष घालते हं!" जीभ चावून ती सही घ्यायची. नाही आला कुणी, तर पुस्तक तिचं. अशी शेकडो पुस्तकं तिने वाचली आणि त्यांतल्या एकाचीही सुरुवात तिला माहीत नाही.

अशा बाईने लिहायला घेतलं तर काय लिहील? 'उलट्या नदीचा मुलूख' नावाची अद्भुत कथामाला तिने लिहायला घेतली. जाडजूड पुस्तकं. त्यांत समुद्राकडून डोंगराकडे चढत जाणारी नदी, सावल्या वाळत घालणाऱ्या बायका, आणि एक कंदीलवाला. हा कंदीलवाला अख्ख्या मुलखात एकटाच असा, की ज्याच्या उजेडात वस्तू दिसायच्या त्या पूर्वी होत्या तशा. पडकं घर त्याच्या उजेडात नवं दिसायचं, म्हातारी माणसं पोरं दिसायची. कंदीलवाल्याची चाल दादाची, हसणं दादाचं, आणि शिंकणंही दादाचंच, एकदम छप्पर उडेल असं.

लिहायची तऱ्हा मात्र एकच. आधी पुस्तकाचा दुसरा भाग लिहायचा, शेवटापर्यंत. मग तो दादाला द्यायचा. दादा सुटीच्या दिवशी डेपोत यायचा, विसरलेल्या एखाद्या पेटीवर बैठक मारायचा आणि ओठ हलवत वाचायचा. वाचून झालं की दादाने पहिला भाग सांगायचा, अंदाजाने. तो जर थापाडीच्या मनातल्या पहिल्या भागाशी जुळला, तर थापाडीने आपला टाकून द्यायचा आणि नवा रचायचा. नाही जुळला, तर तिचा खरा.

"जे तुला सुचतं ते शेंबड्या पोरालाही सुचेल," ती त्याला डिवचायची. "म्हणून तुला विचारते."

"विचारतेस ना? मग झालं तर!" तो म्हणायचा.

तोंडाने ती काही म्हणो, पुस्तक त्याच्या न जुळणाऱ्या अंदाजाशिवाय उभं राहत नव्हतं. तो जे बोलायचा नाही, तेच लिहिण्यासारखं असतं हे तिला पक्कं माहीत होतं. दादा दुसरं काहीही वाचायचा नाही, आणि छापून आलेल्या पुस्तकाचा पहिला भागही त्याने कधी उघडला नाही. "तुझी बडबड जन्मभर ऐकतोय, वर आणि ती वाचू कशाला?" म्हणायचा. प्रती मात्र कपाटात वेष्टनासकट मांडून ठेवलेल्या, आल्यागेल्याला दाखवायला.

कपाटावरून आठवलं. दादा लोखंडी कपाटांच्या कारखान्यात होता. कपाटांना स्प्रेने रंग मारायचा, नाकाला फडकं बांधून. फडक्याने काय होणार? कितीतरी घरांतली कपाटं चकचकीत झाली आणि त्याची छाती रंगत गेली. आधी खोकला, मग जिना चढताना मध्ये थांबणं, मग थांबल्यावरही दम लागणं. शेवटी नाकात नळी आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. डॉक्टरांनी थापाडीला बाजूला घेऊन सांगितलं, "फार लांबचं काही ठरवू नका."

कथामालेचं शेवटचं पुस्तक तेव्हा चालू होतं. थापाडीने मनाशी एकच ठरवलं: दादाच्या हातात हा शेवट पडला पाहिजे, आणि त्याच्या तोंडून पहिला भाग ऐकला पाहिजे. त्याशिवाय हे पुस्तक व्हायचं नाही. रजा टाकून ती झपाटल्यासारखी लिहायला बसली. दुसरा भाग झाला तसा घेऊन धावत दादाकडे गेली. आणि इथे तिची चूक झाली. घाईत आणि सवयीत तिला दिसलंच नाही, की आपण कुणाच्या हातात काय देतोय.

कारण शेवट असा होता: नदी जिथे संपते तिथे डोंगरात एक दार असतं. कंदीलवाला तिथे पोचतो, कंदील स्वतःच्या हाताने विझवतो, खाली ठेवतो, आणि एकटा आत जातो.

दादाने ते सावकाश वाचलं. एक पान वाचायचं, डोळे मिटून पडायचं, मग दुसरं. वाचून झाल्यावर त्याने तिला जवळ बोलावलं.

"विझवतो कशाला गं?"

"आत कंदील चालत नाही."

"मग भीती नाही वाटत त्याला?"

"वाटते की. तरी जातो."

दादाने पानं छातीवर ठेवली. मग हसला. "मारलंस ना मला?"

थापाडी घाईने म्हणाली, "मारला कुठे? आत गेलाय नुसता."

"आत म्हणजे?"

"ते मलाही माहीत नाही, दादा."

सिलिंडरचा बारीक आवाज येत होता. वहिनी दारात औषधाची वाटी घेऊन उभी होती. दादा म्हणाला, "या वेळी असं कर. पहिला भाग तूच सांग. जन्मात एकदा तरी सुरुवातीपासून ऐकू दे."

सांगायला काय हरकत होती? पण सांगितलं असतं, तर आता घाई आहे असं म्हटल्यासारखं झालं असतं, आणि ते त्याच्या तोंडावर कबूल करायची तिची छाती नव्हती. ती नेहमीसारखी फुशारकीने म्हणाली, "वा रे वा! म्हणे तूच सांग. नियम म्हणजे नियम. आधी तू सांगायचं."

"दम लागतो गं बोलताना."

"मग थोडं थोडं सांग. सुटका नाही."

"बरं बाई," दादा म्हणाला. "रविवारी ये. तोवर जुळवतो."

रविवारी ती गेली तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, सकाळीच गाडी आली, दवाखान्यात नेलंय. थापाडी तशीच पळत सुटली. दादाच्या तोंडात आता नळी घातलेली होती, बोलायची सोयच नाही. हात सुजलेले, बोटांत पेन धरेना. पण शुद्ध पुरती होती. थापाडीला बघताच त्याने भुवया उंचावल्या, लहानपणी रस्त्याने उंचावायचा तशाच. सांगायचं होतं त्याला.

मग सगळं उलटंच झालं. जन्मभर तो अंदाज करायचा आणि ही नाही म्हणायची. आता हिने अंदाज करायचा होता.

"कंदील त्याला म्हाताऱ्या राजाकडून मिळतो?"

दादाने मान हलवली. नाही.

"हरवलेल्या वस्तूंच्या गुहेत सापडतो?" हा तिचा स्वतःचा, तिने मनात ठरवून ठेवलेला पहिला भाग होता.

नाही.

"चोरतो? नदीतून वाहत येतो? राक्षस देतो?" नाही, नाही, नाही. तिने बायका, चेटकिणी, आंधळे घोडे, काय काय म्हणून पुढे केलं. नर्स दोनदा येऊन रागावून गेली. थापाडीच्या कल्पना संपल्या. असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

तेव्हा दादाने हात उचलला आणि वहिनीकडे बोट दाखवलं. वहिनी पायथ्याशी उभी होती, हातातला रुमाल पिळत.

थापाडी म्हणाली, "हो रे, दादा. मी बघेन ना तिच्याकडे. तू नको काळजी करू."

दादाने जोरजोरात मान हलवली. पुन्हा बोट वहिनीकडे. मग थापाडीकडे, मग पुन्हा वहिनीकडे.

"सांगितलं ना, अंतर देणार नाही तिला. शब्द देते तुला." आणि थापाडी त्याच्या सुजलेल्या हातावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. वहिनी खाली बघत राहिली. दादाने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि त्या थिएटरच्या डोअरकीपरसारखे हात टेकल्याचा चेहरा केला. मग डोळे मिटले. मंगळवारी तो गेला.

लोक आले, बसले, गेले. थापाडी खिडकीवर परत रुजू झाली. प्रकाशकाचा फोन यायचा, "बाई, कुठवर आलंय?" "चालू आहे," ती म्हणायची. काही चालू नव्हतं. ती पहिला भाग लिहायला बसायची, कंदील गुहेत सापडायचा, आणि हात थांबायचा. हे बरं की वाईट, जुळलं की नाही जुळलं, कुणाला विचारणार? अंदाज सांगणारा माणूसच गेला होता. ती पानं टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा लिहायची. एका रविवारी ती थिएटरवरही गेली. तिकीट काढलं, चहा घेऊन बाकावर बसली. आतून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला. ती सवयीने शेजारी वळून म्हणाली, "घोडा मेला बघ," आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. मध्यंतराला दार उघडलं. ती आत न जाता घरी परतली.

शब्द मात्र तिने पाळला. दर रविवारी वहिनीकडे जायची. गळका नळ दुरुस्त करून दे, गुडघ्याचं मलम आण, डब्यात काहीबाही भरून ने. दोघी आमनेसामने बसायच्या आणि बोलायला विषय नसायचा, कारण आजवर त्यांच्यामध्ये दादा असायचा. वहिनी दिवसेंदिवस वाळत चालली होती. थापाडीने काही आणलं की तिचा चेहरा आणखीच पडायचा. थापाडीला वाटायचं, दुःख आहे, दुसरं काय.

एका दुपारी थापाडी तिच्यासाठी गरम शाल घेऊन गेली. वहिनीने शाल हातात घेतली आणि एकदम बाजूला भिरकावली.

"ताई, तुम्ही येत जाऊ नका माझ्याकडे."

"अगं, पण मी दादाला शब्द..."

"त्यांनी शब्द मागितलाच नव्हता!" वहिनी ओरडलीच. "माझ्याकडे बघा असं म्हणत नव्हते ते. हिला विचार, असं म्हणत होते. हिला सांगून ठेवलंय, असं!"

थापाडी खुर्चीवर बसली. "काय सांगून ठेवलंय?"

वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली आणि कुणीतरी ढकलल्यासारखी बोलत सुटली. "दवाखान्यात न्यायच्या आदल्या दुपारी मला म्हणाले, उद्या थापाडीला सांगायचंय, पण दम पुरेल न पुरेल. आधी तुला सांगून ठेवतो. राहिलंच, तर तू सांग. मी म्हटलं, सांगा. इथे, या कपाटाला पाठ लावून मी बसले. ताई, किती दिवस डोळ्याला डोळा नव्हता हो. त्यांनी सुरुवात केली, आणि मला जाग आली ती संध्याकाळच्या दूधवाल्याच्या घंटीने. तेव्हाही ते सांगतच होते. छताकडे बघून, थांबत थांबत. मग म्हणाले, संपलं. लक्षात राहील ना?" वहिनीचा आवाज फुटला. "मी हो म्हटलं. हो म्हटलं मी, ताई."

थापाडीच्या डोक्यात रागाची अशी तिडीक गेली, की समोरचा कप उचलून आपटावा असं तिला वाटलं. "झोपलीस तू? इतक्या वर्षांत जगातले सगळे भिकार पहिले भाग टक्क डोळ्यांनी बघितलेस, आणि नेमकी तेव्हाच झोपलीस?"

"हो."

"मग दवाखान्यात तरी का नाही बोललीस? मी तिथे वेड्यासारखी घोडे आणि चेटकिणी काढत होते!"

"त्यांच्यासमोर सांगू? तुम्ही सांगत होतात आणि मी झोपले होते, असं? ते जाताना?" वहिनीने डोळे पुसले आणि तिच्याही आवाजात राग आला. "आणि तुम्ही दोघांनी मला जन्मभर काय शिकवलंत? पहिला भाग सांगू नकोस. खबरदार सांगितलंस तर. तोंड उघडलं की कानांवर हात. मला सांगायची सवयच कुठे ठेवलीत तुम्ही?"

थापाडी पडलेली शाल उचलून तिची घडी घालायला लागली. दादा म्हणाला होता, तूच सांग. तेव्हा तिने सांगितलं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं. मग तिने विचारलं, "सुरुवात ऐकलीस म्हणालीस. ती तरी आठवते?"

"तेवढंच आठवतं. रोज आठवतं." वहिनी खाली बसली. "म्हणाले, कंदील आधी त्याचा नव्हताच. त्याच्या धाकट्या बहिणीचा होता. तिने तो त्याला दिला, आणि कुणाला कळू दिलं नाही."

थापाडीने तोंडावर हात दाबून धरला, पण हुंदका काही थांबला नाही. ती दवाखान्यात रडली होती त्याहून जास्त रडली. वहिनी घाबरून जवळ सरकली. "म्हणजे काय, ताई? मला नाही कळलं."

"तो अंधाराला घाबरायचा, वहिनी. लहानपणापासून."

"कोण, हे?" वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. मग हळूहळू तिची नजर बाहेरच्या दिव्याकडे गेली. "इतकी वर्षं पॅसेजमधला दिवा चालू ठेवायचे. म्हणायचे, पाणी प्यायला उठावं लागतं. उठले नाहीत हो कधी. मी बिलावरून भांडायचे त्यांच्याशी." आणि मग तीही रडली. दोघी एकमेकींना धरून रडल्या, नणंद-भावजयीसारख्या नाही, दोन हरवलेल्या पोरींसारख्या.

नियमाने बघायला गेलं, तर दादाचं काही जुळलं नव्हतं. थापाडीचा कंदील गुहेत सापडलेला, दादाचा बहिणीकडून आलेला. म्हणजे थापाडीचा खरा. लिहून मोकळं व्हायचं. पण थापाडीने त्या दुपारी गुहा, मांडण्या, सगळं मनातून काढून टाकलं. पहिल्यांदाच तिने नियम मोडला.

तिने डोळे पुसले, चष्मा पुसला. "वहिनी, त्याने पुढे काय सांगितलं ते आता मिळायचं नाही. पण तिथून पुढे मी सांगितलं तर ऐकशील? मला कुणीतरी लागतं गं समोर."

"मला? मी तर तुमचं एक पुस्तक वाचलेलं नाही."

"त्याने तरी कुठे धड वाचलं होतं?"

वहिनी किंचित हसली, कितीतरी दिवसांनी. मग तिने घाबरत घाबरत विचारलं, "ताई, शेवटी तो येतो का हो परत?"

"शेवट लिहून झालाय," थापाडी म्हणाली. "तो आता बदलायचा नाही. पण त्याला अजून पुष्कळ वेळ आहे. आत्ता दोघं लहान आहेत, दाराबाहेर उभी आहेत, आणि बहिणीच्या हातात कंदील आहे. सांगू?"

"थांबा," वहिनी म्हणाली. ती उठून मोरीवर गेली, तोंडावर पाण्याचे चार हबके मारले, आणि परत येऊन या वेळी कपाटाला न टेकता ताठ बसली.

"हं. सांगा आता."